वेग साठत नाही तिथे

पोहण्याच्या तलावात भिंतीला पाय टेकून स्वतःला ढकलून दिलेला माणूस हातपाय न हलवता तीन-चार मीटर सहज पुढे जातो. त्या एका रेट्यातून मिळालेला वेग काही क्षण त्याच्या अंगात शिल्लक राहतो आणि तो त्यावर तरंगत जातो. आता आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूकडे पाहू. हा जेमतेम दोन मायक्रॉन लांबीचा जीव सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन वेगाने पोहतो, म्हणजे दर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहा-पंधरापट अंतर कापतो. लांबीच्या हिशेबात कोणताही ऑलिंपिक जलतरणपटू त्याच्या पासंगाला पुरणार नाही. पण त्याने शेपट्या फिरवणे एकाएकी बंद केले तर तो आणखी किती पुढे जाईल? हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासाइतकेसुद्धा नाही, आणि तेही एका मायक्रोसेकंदाच्या आत. त्याच्या जगात वेग साठवून ठेवताच येत नाही. सूक्ष्मजीवांच्या हालचालींविषयी लिहिताना त्यांच्या इवल्याशा यंत्रांचे कौतुक करून थांबण्याची पद्धत आहे, आणि ती यंत्रे आहेतही तशीच. परंतु त्या कौतुकात मूळ प्रश्न बाजूला पडतो: हा जीव मुळात हलतो कशासाठी? ‘पोटासाठी’ हे उत्तर जिभेवर तयार असते. माझ्या मते ते निम्मेच बरोबर आहे. एवढ्या लहान आकाराला हालचाल केल्याने घास मोठा होत नाही. हालचालीचा उपयोग जागा पारखण्यासाठी होतो. हे असे का, याचे कारण जीवाणूच्या जनुकांपेक्षा पाण्याच्या स्वभावात अधिक आहे.

पाण्याचा हा स्वभाव एका आकड्यात मांडता येतो. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. ती कधी सरळ राहते आणि कधी विस्कटते हे तपासताना जे गुणोत्तर त्यांच्या हाती लागले ते पुढे त्यांच्याच नावाने रूढ झाले. वस्तूचा आकार, तिचा वेग आणि द्रवाचा दाटपणा यांवरून जडत्वाचा जोर जास्त की द्रवाच्या चिकट ओढीचा, हे रेनॉल्ड्स अंक सांगतो. पोहणाऱ्या माणसासाठी तो दहा लाखांच्या घरात असतो, तर ई. कोलायसाठी एकाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. या दोन आकड्यांमधली दरी डोळ्यांपुढे आणायची तर माणसाला मधाच्या हौदात उतरवून पाहावे. मध पाण्यापेक्षा काही हजारपट दाट असतो, तरीही जीवाणूचा अनुभव घ्यायला तेवढ्याने भागत नाही. त्या हौदात माणसाने दिवसभरात फार तर दोन-चार सेंटिमीटर सरकायचे असे बंधन घातले, तर त्याचा रेनॉल्ड्स अंक जीवाणूच्या आसपास येतो. पाण्यात पडले की पोहता येते असे आपण म्हणतो. ती म्हण किती आकाराच्या प्राण्यासाठी आहे हे मात्र तिच्यात सांगितलेले नाही.

जडत्व उरले नाही की आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. द्रवाच्या हिशेबातून काळच गळून पडतो. १९६० च्या दशकात जी. आय. टेलर यांनी एका शैक्षणिक चित्रफितीत हे दाखवले आहे. एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांच्या फटीत ग्लिसरीन, त्यात रंगाचा एक ठिपका. आतले नळकांडे काही वेढे फिरवले की ठिपका पसरून नाहीसा झाल्यासारखा दिसतो. तेच वेढे उलटे फिरवले की तो जवळपास होता तसा, होता तिथे परत उमटतो. वेढे सावकाश दिले की जरा घाईने, याने काही बिघडत नाही. या गोष्टीचे पोहण्यावर होणारे परिणाम एडवर्ड परसेल यांनी १९७६ मधल्या एका व्याख्यानात इतक्या मिस्कील सोपेपणाने उलगडले, की ते व्याख्यान आजही या विषयाचे प्रवेशद्वार मानले जाते. (परसेल हे चुंबकीय अनुस्पंदनासाठी १९५२ चे नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ. जीवशास्त्र हे त्यांचे घर नव्हते, आणि कदाचित म्हणूनच त्यांना हे प्रश्न पडले.) स्कॅलप हा आपल्या तिसऱ्या-कालवांच्या गोतावळ्यातला शिंपला हळू उघडतो आणि झटकन मिटतो, मिटताना उडालेल्या पाण्याच्या झोताने तो पुढे सरकतो. जीवाणूच्या आकाराचा शिंपला असे करू लागला तर उघडताना जेवढा मागे जाईल, मिटताना नेमका तेवढाच पुढे येईल. एकच बिजागरी असलेला, पुढे-मागे एकाच वाटेने हलणारा कोणताही अवयव तिथे कुचकामी ठरतो. होडीच्या वल्ह्याचेही तेच. वल्हे पाण्याबाहेर काढून परत आणता येते म्हणून आपली होडी चालते, पण जीवाणूला पाण्याबाहेर काढायला जागाच नाही. अशा वेळी मार्ग दोनच उरतात. परतीचा हात जाण्याच्या हातापेक्षा वेगळ्या आकाराचा ठेवायचा, जसे पॅरामिशियमच्या अंगावरचे केस ताठ होऊन पाणी मारतात आणि वाकून, अंगाला घासत परततात. नाहीतर परतायचेच नाही, मळसूत्रासारखे एकाच दिशेने फिरत राहायचे.

ई. कोलायने दुसरा मार्ग धरला आहे. त्याच्या अंगातून निघणाऱ्या कशाभिका चाबकासारख्या सळसळत असाव्यात असे विसाव्या शतकाचा बराच काळ समजले जात होते. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी उपलब्ध पुरावा जुळवून त्या खरोखर फिरतात असे मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी कशाभिकेचे टोक काचेला चिकटवून टाकले, तेव्हा शेपटी अडकलेला जीवाणूच गरगर फिरू लागला. तिच्या मुळाशी सुमारे पंचेचाळीस नॅनोमीटर व्यासाची मोटर आहे आणि पेशीत शिरणाऱ्या प्रोटॉनच्या ओघावर ती चालते. पोहताना तिचे सेकंदाला शंभरेक फेरे होतात. इथे एक आकडा मात्र कौतुकाला आवर घालतो. मोटरने लावलेल्या शक्तीपैकी जीवाणूला पुढे ढकलण्याच्या कामी येते ती सुमारे दोन टक्के. कारखान्यातला कोणताही अभियंता असा आराखडा परत पाठवील. जीवाणूला मात्र त्याची फिकीर नाही, कारण पोहण्याचा हा रोजचा खर्च पेशीच्या एकूण उलाढालीत किरकोळ आहे. शक्तीची चणचण नसलेल्या ठिकाणी कार्यक्षमतेला फारसे मोल उरत नाही. चणचण कसली आहे ते शोधायला हवे.

ती अन्न तोंडाशी आणण्याची असेल असे वाटते. आपण चहात साखर टाकून चमचा फिरवतो, तसे जीवाणू पोहून भोवतालचे पाणी ढवळतो आणि ताजे अन्न अंगाशी आणतो, हे ऐकायला पटण्यासारखे आहे. पण आकडे याला साथ देत नाहीत. साखरेसारखे लहान रेणू पाण्यात आपोआप पसरत असतात, आणि अंतर जितके कमी तितके हे विसरण वेगवान होत जाते: अंतर दहापट कमी झाले की लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. एक मायक्रॉन अंतर कापायला अशा रेणूला सेकंदाचा साधारण हजारावा भाग पुरतो. तेवढेच अंतर तोडायला तीस मायक्रॉनच्या वेगाने धावणाऱ्या जीवाणूला त्याच्या तीस-चाळीसपट वेळ लागतो. म्हणजे त्याने कितीही ढवळले तरी रेणू त्याच्या आधीच येऊन गेलेले असतात. तो पुढे सरकला तर भोवतालचे चिकट पाणीही त्याच्याबरोबर ओढले जाते, आणि त्याच्या ताटात काडीची भर पडत नाही. स्थिर उभा राहिला असता तर मिळाला असता जवळपास तेवढाच घास त्याला पोहताना मिळतो. परसेल यांनी यासाठी कुरणाची उपमा वापरली आहे. आपल्याकडे ती धनगराच्या वाड्यावरून अधिक नेमकी कळते. मेंढी चालते म्हणून तिचे पोट भरत नाही, उभ्या जागी चरूनही भरते. वाडा हलतो तो इथला चारा संपत आला आणि पुढे बरा असेल या हिशेबाने.

हा हिशेब जीवाणू कसा करतो? तो धावतो आणि कोलांटी मारतो. सगळ्या मोटरी एका दिशेने फिरत असल्या की कशाभिकांची एक जुडी होते आणि तो सरळ जातो. एखादी मोटर उलटी फिरली की जुडी सुटते, जीवाणू जागच्या जागी गडबडतो आणि मग भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा धावू लागतो. धाव साधारण एका सेकंदाची, कोलांटी सेकंदाच्या दहाव्या भागाची. आता हा एक सेकंद कुठून आला ते पाहण्याजोगे आहे. धाव फार आखूड असेल तर जीवाणू अशा टापूतच फिरत राहील जिथले रेणू विसरणाने आधीच सरमिसळ झालेले आहेत. नवी खबर मिळण्याइतके लांब जायचे तर त्याच्या वेगाने सुमारे तीस मायक्रॉन, म्हणजे साधारण एक सेकंद पोहायला हवे. उलट धाव फार लांबवूनही उपयोग नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात. त्या धक्क्यांनी त्याचे तोंड हळूहळू वळत जाते आणि दहाएक सेकंदांत तो मूळ दिशेपासून काटकोनात भरकटलेला असतो. खालून एक सेकंद, वरून दहा सेकंद, अशी ही खिंड आहे, आणि जीवाणूची धाव तिच्या अलीकडच्या तोंडाशी बसते. त्याची स्मृतीही याच मापाची निघाली: नुकत्याच गेलेल्या सेकंदातले अन्नाचे प्रमाण तो त्याआधीच्या तीनेक सेकंदांशी ताडून पाहतो. याहून जुनी आठवण त्याच्या काय कामाची? ती ज्या दिशेची होती ती दिशाच उरलेली नसते. परिस्थिती सुधारत असेल तर कोलांटी लांबणीवर पडते, बिघडत असेल तर नेहमीच्या वेळी येते. एवढ्या एका पक्षपातावर तो अन्नाकडे सरकत राहतो.

इथे भाषेविषयी एक रास्त आक्षेप येतो. ‘ताडून पाहतो’, ‘आठवण’, ‘हिशेब’ हे शब्द मेंदू नसलेल्या पेशीला लावणे म्हणजे तिच्यात माणूस कोंबणे नव्हे का? काही अंशी आहेच, आणि जीवाणूला ‘हुशार’ म्हणणारे लेखन वाचताना हा आक्षेप मलाही टोचतो. पण ‘स्मृती’ हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलँड यांनी साल्मोनेला जीवाणूंना क्षणार्धात सेरीन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाच्या द्रावणात मिसळले. मिसळल्यानंतर प्रमाण सगळीकडे सारखेच होते, म्हणजे एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असा फरक जाणवण्याची सोयच नव्हती. तरीही जीवाणू बराच वेळ कोलांटी न मारता सरळ पोहत राहिले, आणि प्रमाण एकदम घटवले तेव्हा कोलांट्या मारू लागले. आधी काय होते याची काही खूण पेशीत असल्याशिवाय हे शक्य नाही. ती खूण आता माहीत आहे: ग्राहक प्रथिनांवर सावकाश चढणारे आणि उतरणारे मिथिल गट. बाहेरचा बदल झटकन कळतो, मिथिलची नोंद रेंगाळत मागून येते, आणि या दोहोंतले अंतर हीच तुलना. ‘निवड’ या शब्दाबाबत मात्र मी हात आखडता घेईन. जीवाणूला कुठे जायचे हे ठरवता येत नाही. कोलांटीनंतर तोंड कुठे होईल ते त्याच्या हाती नसते. हाती असते ते एवढेच, की चालू धाव कधी सोडायची.

याहून अवघड आक्षेप समुद्रातून येतो. हालचाल जगण्यासाठी इतकी मोलाची असेल, तर पृथ्वीवरच्या सर्वांत यशस्वी जीवांपैकी एकाला शेपटी का नाही? सार अकरा या नावाने ओळखला जाणारा जीवाणूंचा गट १९९० मध्ये सारगॅसो समुद्राच्या पाण्यातून उजेडात आला. महासागरांच्या पृष्ठभागाजवळ संख्येने तो अग्रभागी आहे, आणि त्याला कशाभिका नाहीत. तो नुसता तरंगतो. या उदाहरणाने हालचालीचे महत्त्व कोसळते असे वाटेल, पण माझ्या मते मूळ युक्तिवादाची उलट तपासणी करून तो टिकवणारे हेच उदाहरण आहे. रेणूंच्या धक्क्यांनी तोंड फिरण्याचा वेग आकाराच्या घनावर अवलंबून असतो. लांबी-रुंदी निम्मी झाली की दिशा आठपट लवकर हरवते, ई. कोलायचे दहा सेकंद सेकंदाभरावर येतात आणि वर सांगितलेली खिंड जवळजवळ बुजून जाते. डेव्हिड ड्युसेनबेरी यांनी १९९७ मध्ये असे गणित मांडले, की सुमारे ०.६ मायक्रॉनहून लहान जीवाला मुक्त पोहण्याचा फायदा होऊ नये. सार अकराची लांबी मायक्रॉनहून कमी आणि जाडी मायक्रॉनच्या पाचव्या भागाइतकी. त्याने शेपटी लावली असती तरी पुढची धाव कुठे नेईल हे त्याला राखता आले नसते. शिवाय तो राहतो त्या खुल्या समुद्रात अन्न विरळ असले तरी बऱ्यापैकी सारखे पसरलेले असते. पारखण्याजोगे दुसरे कुरण नसेल तर वाडा हलवून काय मिळणार? पोहणे घास वाढवण्यासाठी असते तर उपाशी, विरळ पाण्यात त्याची गरज सर्वांत जास्त भासली असती. घडते ते नेमके उलट. भरल्या ताटावरही हाच पुरावा मिळतो: ग्लुकोज मुबलक असले की ई. कोलाय नव्या कशाभिका बनवणेच आवरते घेतो. पोहणे स्वस्त आहे, पण प्रथिनाचे हजारो तुकडे रचून शेपटी उभारणे स्वस्त नाही, आणि जागा चांगली असताना तो भुर्दंड कशाला? अर्थात एकट्या आकाराने सगळे ठरत नाही हेही कबूल करायला हवे. स्टॅफिलोकोकस चांगला मायक्रॉनभर जाडीचा असूनही पोहत नाही. भौतिकी कोणावर पोहण्याची सक्ती करत नाही. ती फक्त त्याची किंमत सांगते.

मग कोणी म्हणेल, की घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून गणित जोडणे सोपे असते. जे दिसते ते अपरिहार्यच होते असे भौतिकीच्या भाषेत केव्हाही सिद्ध करता येते. ही शंका निकोप आहे. तिला उत्तर द्यायचे तर एकमेकांशी नाते नसलेल्या वंशांकडे पाहावे लागेल. आर्किया हे जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव. त्यांचीही शेपटी गरगर फिरणारे मळसूत्रच आहे. मात्र तिची प्रथिने जीवाणूंच्या कशाभिकेशी जुळत नाहीत आणि ती प्रोटॉनच्या ओघावर न चालता एटीपीवर चालते. म्हणजे तेच उत्तर दोनदा, वेगवेगळ्या सामग्रीतून शोधले गेले. शुक्रजंतूपासून पॅरामिशियमपर्यंतच्या केंद्रकयुक्त पेशींनी तिसरी वाट धरली: त्यांची शेपटी मुळाशी फिरत नाही, अंगभर वाकते, आणि त्या वाकण्याची लाट एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते. तीन वेगळ्या यंत्रणा, आणि तिन्हींत शिंपल्यासारखी नुसती उघडझाप नाही. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस या सागरी जीवाणूचे वागणे तर पाहत राहावे असे आहे. त्याला एकच कशाभिका, त्यामुळे जुडी सोडून कोलांटी मारणे शक्य नाही. मोटर उलटी फिरवली तर तो आल्या वाटेने मागे जातो. पुन्हा सुलटी फिरवली की शेपटीच्या मुळाशी असलेला लवचीक आकडा दाबाखाली वाकतो आणि जीवाणू झटक्यात आडवा वळतो. यंत्राला लागलेला लचकच त्याने सुकाणू म्हणून वापरला.

माझ्या युक्तिवादाला वरच्या बाजूनेही मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्हॉक्स हे गोड्या पाण्यातले हिरवे शैवाल, शेकडो-हजारो पेशींचा एक गोल, साध्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसणारा. एवढ्या आकाराला नुसते विसरण पुरेनासे होते. गोल मोठा होतो तसे खाणाऱ्या तोंडांचे प्रमाण पृष्ठभागाबरोबर वाढते, पण विसरणाने येणारा पुरवठा केवळ व्यासाबरोबर. त्याच्या पृष्ठावरच्या शेपट्यांनी उठणारा प्रवाह ही तूट भरून काढतो असे प्रयोगांत दिसले आहे. तिथे ढवळण्याने खरोखर घास वाढतो. म्हणजे ‘हालचाल जागा पारखण्यासाठी’ हे विधान सूक्ष्म जगाला सरसकट लागू नाही. ते एका पट्ट्याला लागू आहे: ज्याच्या खाली दिशा टिकत नाही आणि ज्याच्या वर विसरण पुरत नाही.

या पट्ट्यात राहणाऱ्यांपैकी एकाने माध्यमालाच हात घातला आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरव्रणाला कारणीभूत असणारा जीवाणू. त्याचा छडा लावल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. जठरातल्या आम्लात तो फार काळ तग धरू शकत नाही. त्याला आतल्या अस्तरावरचा श्लेष्म्याचा थर ओलांडून जवळजवळ उदासीन असलेल्या टापूत पोहोचायचे असते. पोहण्याची क्षमता काढून घेतलेले त्याचे वाण प्रयोगातल्या डुकराच्या पिल्लांच्या जठरात नीट मूळ धरू शकले नाहीत. अंगाने तो मळसूत्री, म्हणून बुचात स्क्रू शिरावा तसा तो श्लेष्म्यात शिरत असणार असे बरेच दिवस गृहीत होते. पण आम्लात हा श्लेष्मा घट्ट जेलीसारखा थिजतो, आणि अशा जेलीत ठेवलेल्या जीवाणूच्या शेपट्या फिरत राहिल्या तरी तो जागचा हलला नाही. तो युरियेज हे विकर सोडतो. त्यातून युरियाचे विघटन होऊन अमोनिया बनतो, भोवतीचे आम्ल मंदावते आणि त्याच्या अंगालगतची जेली पातळ होते. त्या वितळलेल्या वाटेने तो पोहत पुढे जातो.